ढगांच्या आत बघणाऱ्या बाई

बाई कुणाला ‘कशी आहेस’ म्हणून कधी विचारत नसत. समोरच्याच्या कपाळापासून वीतभर अंतरावर तळहात धरत, डोळे बारीक करत आणि म्हणत, “बरं चाललंय तुझं. जरा तापलेली आहेस, पण बरं चाललंय.”

स्टाफरूममध्ये पहिल्याच दिवशी माझं असं स्वागत झालं. मी कोल्हापूरकडची, कोकणात नोकरीसाठी नुकतीच आलेली. आमच्याकडे कुणी असा हात धरला तर आई आधी मीठमोहऱ्या शोधायला लागते. पण बाई आमच्या भौतिकशास्त्र विभागाच्या प्रमुख होत्या आणि मी त्यांच्या हाताखालची सगळ्यांत नवी अध्यापिका, त्यामुळे मी निमूट उभी राहिले. त्यांनी हात खाली घेतला आणि मला चहा ओतून दिला.

“घाबरू नको गो,” त्या म्हणाल्या. “जे जे ऊबदार आहे ते ते बोलतं. माणूस बोलतो, भिंत बोलते, झाड बोलतं, हवा बोलते. आवाज एवढा बारीक की आपल्या कानांना काही कळत नाही. मला तरी कुठे कळतो? पण हात धरायची सवय लागली.”

हा आवाज म्हणजे मायक्रोवेव्ह. प्रत्येक वस्तू आपल्या उष्णतेप्रमाणे या लहरी मंदपणे बाहेर टाकत असते आणि आकाशात फिरणारे काही उपग्रह त्या टिपतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. परीक्षेत त्यावर पाच मार्कांची टीपही लिहिली होती. बाईंच्या मात्र ते सगळं अंगात भिनलेलं होतं. त्यांचं घर रत्नागिरीच्या राजिवड्यात, भाट्याच्या खाडीला लागून. वडील मालवाहू जहाजांवर सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम होते, धाकटा भाऊ मच्छीमार नौकेचा तांडेल, म्हणजे नौका चालवणारा मुख्य माणूस. घरातले पुरुष समुद्रावर आणि बायका किनाऱ्यावर, अशा घरात ही एकटी मुलगी भौतिकशास्त्र शिकली, लग्नाच्या भानगडीत पडली नाही आणि पन्नाशीजवळ आल्यावर उपग्रहांच्या मायक्रोवेव्ह मोजमापांवर संशोधन करायला बसली. पुण्याच्या एका संस्थेतली मंडळी त्यांच्याबरोबर काम करत. कोण आपल्याबरोबर आणि कोण आपल्या हाताखाली, याची बाईंना कधी फिकीर नव्हती.

स्टाफरूममध्ये रेडिओवरच्या हवामानाची थट्टा रोजच चाले. “आज पाऊस सांगितलाय, म्हणजे पापड वाळत घाला,” असं रसायनशास्त्राचे सर म्हणाले की बाई हातातला कप खाली ठेवत.

“सर, अंदाज चुकत नाही. सुरुवात चुकते.”

“म्हणजे काय?”

“तुम्ही गाडीने मुंबईहून निघालात. वहिनींनी मला विचारलं, हे घरी कधी पोचतील. आता तुम्ही या क्षणाला पेणला आहात की चिपळूणला, हेच मला ठाऊक नसेल तर मी काय डोंबल सांगणार? संगणकाचं तेच. उद्याची हवा सांग म्हणतात, पण आजचीच हवा त्याला अर्धीमुर्धी माहीत. जमिनीवर वेधशाळा आहेत, फुगे सोडून वरची हवा मोजतात. आपलं हवामान येतं समुद्रावरून. तिथे फुगे कोण सोडणार, तुम्ही?”

सर म्हणत, “मला पोहता येत नाही.”

“म्हणून तर उपग्रह लागतो,” म्हणून बाई कप परत उचलत.

टीव्हीवर बातम्यांनंतर दाखवतात त्या उपग्रहाच्या चित्राला बाई ‘ढगांची टोपी’ म्हणत. वरून पांढरं दिसतं, टोपीखाली डोकं कुणाचं ते कळत नाही. मायक्रोवेव्ह ढगांतून आरपार येतात. ढगाच्या पोटात पाऊस किती आहे, हवेचा कुठला थर किती तापलाय, समुद्रावर वारा किती आहे, सगळं त्यांतून काढता येतं. हे सांगताना बाईंचा चेहरा असा उजळे, की जणू शेजारच्या घरातली बातमी सांगतायत.

शिकवण्याची त्यांची एक पद्धत तर अजून कॉलेजात सांगतात. तेव्हा घरांच्या छपरांवर टीव्हीच्या लहान छत्र्या नुकत्याच दिसायला लागल्या होत्या. छत्री बसवणारे लोक ती नीट वळली की नाही हे बघायला एक छोटा मीटर लावतात. त्यात लहरी जास्त आल्या की शिट्टी चढते. बाईंनी अशी एक छत्री आणि मीटर दुकानदाराकडून मागून आणला, बॅटरी जोडली आणि वर्ग अंगणात नेला. छत्री निरभ्र आकाशाकडे केली, तर मीटर नुसता कुजबुजला. जांभ्याच्या भिंतीकडे वळवली, तर शिट्टी एकदम चढली. आंब्याकडे केली तरी चढली. तेवढ्यात प्राचार्य व्हरांड्यातून येत होते. बाईंनी छत्री सरळ त्यांच्यावर रोखली. मीटर जोरात ओरडला.

“हे काय चाललंय?” प्राचार्यांनी विचारलं.

“सर, तुम्ही बोलताय,” बाई म्हणाल्या. “छान खणखणीत बोलताय. दोन मिनिटं असेच उभे राहा.”

आणि प्राचार्य खरंच उभे राहिले. मुलांनी आळीपाळीने छत्री त्यांच्यावरून आकाशाकडे आणि आकाशाकडून त्यांच्यावर फिरवली. पुढे कुठलाही पाहुणा कॉलेजात आला की प्राचार्य स्वतःहून त्याला अंगणात नेत आणि सांगत, “आमच्या बाईंचं ते यंत्र बघा. मी त्यात फार चांगला वाजतो.”

त्याच आठवड्यात ती छत्री रिक्षात घालून आम्ही भाट्याच्या किनाऱ्यावर नेली. वाळूकडे वळवल्यावर शिट्टी, आणि समुद्राकडे वळवल्यावर ती एकदम खाली. बाईंनी मुलांना समजावलं, की समुद्र जवळजवळ तेवढाच ऊबदार असूनही या लहरींत वाळूपेक्षा गार दिसतो, कारण तो स्वतः कमी बोलतो आणि वरच्या थंड आकाशाचंच प्रतिबिंब जास्त दाखवतो. म्हणून त्याच्यावर पाऊस पडत असला तर अंधाऱ्या भिंतीवर दिवा लावावा तसा तो उठून दिसतो. वारा सुटून फेस उठला की समुद्राचा आवाज वाढतो, त्यावरून वारा मोजता येतो. बाजूला गर्दी जमली होती. एक भेळवाला बराच वेळ ऐकत होता.

“बाई, याच्यावर क्रिकेट दिसतं काय?” त्याने विचारलं.

“नाही हो, फक्त समुद्र दिसतो.”

“तो तर असाच दिसतो,” म्हणून तो गाडीकडे गेला. बाई परत येईपर्यंत हसत होत्या.

जेवणाच्या पानावर बाईंना बोलावणं म्हणजे एक परीक्षाच असे, आणि ती यजमानीणबाईंची असे. पहिला घास खाऊन त्या डोळे मिटून बसत. मग सांगायला लागत, “नारळ भाजून घेतलाय, पण अर्धाच. कोकमं उशिरा पडली. तिरफळं ठेचलेली नाहीत, अख्खीच टाकलीत.” बायका आधी चपापत, मग बरोबर निघालं की पदर तोंडाला लावून हसत. बाईंच्या लेखी हे संशोधनच होतं. उपग्रहाला फक्त शेवटची चव कळते, त्यात हवा किती, बाष्प किती, पाऊस किती, ते उलटं ओळखायचं. “पण उलटं ओळखण्यात घोटाळा होतो,” त्या मला म्हणायच्या. “दोन वेगळी कालवणं सारखी लागू शकतात. म्हणून आता शहाणी माणसं काय करतात? आधी मनात कालवण शिजवायचं. ते कसं लागेल ते ठरवायचं. मग खऱ्याची चव घ्यायची. जुळलं नाही तर मनातल्यात मीठ-कोकम बदलायचं. संगणकात हल्ली हेच करतात. अंदाज सुधारला तो तिथे.”

माझी आई एकदा कोल्हापूरहून आली होती. तिने बाईंसाठी तांबडा रस्सा केला. बाईंनी घास घेतला, डोळे मिटले, पुन्हा घास घेतला. खोबरं, तीळ, खसखस, लवंग, सगळं ओळखलं, पण एक वास काही हाती लागेना.

“यात काहीतरी आहे,” त्या म्हणाल्या. “माझ्या मनातल्या भांड्यात ते नाहीच.”

“आहे खरं,” आई म्हणाली.

“काय आहे?”

“ते आमच्याकडं सांगत नाहीत.”

मला वाटलं बाईंना वाईट वाटेल. त्या उलट इतक्या खूश झाल्या की त्यांनी आणखी वाटीभर रस्सा मागून घेतला. “चुकलं की कळतं, अजून कुठे मोजायला हवं,” त्या म्हणाल्या. पुढे आई जेव्हा जेव्हा आली तेव्हा बाई राजिवड्याहून डबा घेऊन येत आणि अदलाबदल करून नेत. आईने शेवटपर्यंत सांगितलं नाही आणि बाईंनीही पुन्हा विचारलं नाही.

त्यांच्या भावाची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी.

पावसाळा संपून सुरमईचा हंगाम रंगात आलेला. रोज सकाळी बाई कॉम्प्युटर लॅबमध्ये बसत. टेलिफोनच्या तारेवरून उपग्रहाचं चित्र खाली उतरायला वेळ लागे. पडद्यावर ते वरून खाली एकेक ओळ उलगडत येई आणि बाई चहाचे घोट घेत ते बघत बसत. हे उपग्रह पृथ्वीभोवती पट्ट्यापट्ट्यांनी फिरतात, त्यामुळे कधी कधी नेमका आपला समुद्र दोन पट्ट्यांच्या फटीत राहतो. “आज आपल्याला पाहिलंच नाही मेल्याने,” असं बाई म्हणाल्या की समजायचं, फट आली.

त्या सकाळी फट नव्हती. रेडिओवर समुद्रात दूरवर कमी दाबाचं क्षेत्र असल्याचं सांगितलं होतं. ‘ढगांच्या टोपी’त विस्कटलेल्या कापसासारखं काहीतरी दिसत होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. मी बाईंच्या मागे उभी होते. मायक्रोवेव्हचं चित्र अर्धं उतरलं आणि बाईंनी कप ठेवला. कापसाच्या पोटात पावसाचं एक कडं तयार झालं होतं, बांगडीसारखं, एका बाजूने अजून उघडं. त्यांनी दुसरं चित्र उघडलं, खूप वरच्या हवेच्या तापमानाचं. कड्याच्या बरोबर वर एक उबदार ठिपका होता.

“चूल पेटलीय,” बाई म्हणाल्या. “वरची हवा तापली की खालचं कडं आवळत जातं. हे वादळ होणार गो. आणि माझा भाऊ आज दुपारच्या भरतीला निघतोय.”

त्यांनी पुण्याला फोन केला. तिकडच्या लोकांनीही ते पाहिलं होतं, पुढच्या पट्टीची ते वाट बघत होते. बाईंनी फोन ठेवला, पर्स उचलली, टेबलावरचा तपासायच्या पेपरांचा गठ्ठा काखेत मारला.

“तुमचा तास?” मी म्हटलं.

“सोड वर्ग. चल तू पण.”

रिक्षाने आम्ही मिरकरवाड्याला पोचलो. बंदर गजबजलेलं. बाईंच्या भावाच्या नौकेत बर्फ भरून झाला होता, डिझेल चढलं होतं. तो स्वतः धक्क्यावर उभा राहून दोर बघत होता. धिप्पाड माणूस, पण बहिणीला बघितल्यावर त्याने हातातली विडी लगेच टाकली.

“आपा, तू इथे काय करतेस?”

“आज जायचं नाय.”

“का?”

“वादळ होतंय.”

त्याने समुद्राकडे हात केला. पाणी तेलासारखं पसरलं होतं, वर स्वच्छ ऊन. “कुठे होतंय?”

“तू जाणार तिथे. दूर, खोल पाण्यात. तुझ्या वायरलेसला इथलं बोलणं ऐकू येणार नाय अशा जागी.”

“लाल बावटा लागलाय काय? काही सांगितलंय काय कुणी?”

“संध्याकाळपर्यंत सांगतील. त्यांना सगळ्या किनाऱ्याला सांगायचं असतं, दोनदा बघून सांगावं लागतं. मला एकाच भावाला सांगायचं आहे. मी एकदा बघून सांगते.”

“आपा, तुझं चित्र कधी चुकतं काय?”

“चुकतं की.”

“मग झालं तर,” तो म्हणाला आणि खलाशांना हाक मारायला वळला.

बाईंनी चपला काढून माझ्या हातात दिल्या, साडी सावरली, खलाशाने आधाराला दिलेला हात धरला आणि धक्क्यावरून सरळ नौकेत उतरल्या. बर्फाच्या खणाच्या झाकणावर पदर डोक्यावरून नीट ओढून बसल्या आणि मला म्हणाल्या, “गठ्ठा दे तो इकडे.”

मी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा खाली दिला. त्यांनी पर्समधून लाल पेन काढलं आणि तपासायला सुरुवात केली.

“आपा, उतर गो.”

“का? निघ ना तू. मी येते. एवढे पेपर आहेत, सुरमई मिळेपर्यंत होतील.”

खलाशी एकमेकांकडे बघून हसू दाबत होते. बाजूच्या नौकांवरचे लोक काठाशी येऊन उभे राहिले. भाऊ थोडा वेळ धक्क्यावर येरझाऱ्या घालत राहिला. मग चहाच्या टपरीवर गेला, परत आला. बाईंनी तोवर पर्समधला जेवणाचा डबा उघडून खलाशांना घावन वाटले होते आणि एकाला न्यूटनचा तिसरा नियम विचारला होता.

“लोक बघतायत गो,” भाऊ हळूच म्हणाला.

“बघू देत. त्यांना सांग, आपाला दर्याची हवा खायची आहे.”

मला वाटलं, आता तो ओरडेल. त्याच्या कपाळाची शीर फुगली होती. पण तो बहिणीकडे पाठ करून धक्क्याच्या कडेला जाऊन बसला. ऊन कलत चाललं. धक्क्याच्या दगडावरची ओली रेघ हळूहळू उघडी पडायला लागली. त्याने त्या रेघेकडे बघितलं, खाकरला आणि सगळ्या बंदराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “भरती गेली आता. उद्या बघू. बांधा रे दोर.”

बाईंनी हातातला पेपर पुरता केला, मार्क लिहिले आणि मग वर आल्या. भावाच्या दंडावर त्यांनी हात ठेवला. या वेळी तो हवेत धरला नव्हता.

संध्याकाळी रेडिओवर सूचना आली, बंदरात बावटा चढला. जवळपासच्या नौका भराभर खाड्यांत शिरल्या. सकाळीच निघून गेलेल्या दोन नौका जयगडच्या खाडीत सुखरूप पोचल्याचा निरोप आला, तेव्हा राजिवड्यात गल्लीभर चहा वाटला गेला. दुसऱ्या दिवशी वारा सुटला. वादळ दुरूनच वर सरकत गेलं, रत्नागिरीला त्याचा फक्त पदर लागला, पण समुद्र असा उसळला की भाट्याच्या पुलावर उभं राहवेना.

मी पावसात भिजत बाईंच्या घरी गेले, त्या घाबरल्या असतील म्हणून. घरात बघते तर मेजवानीचा थाट. विकायला नेता न आलेल्या किरकोळ मासळीचं वाटप झालं होतं, चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या पडत होत्या. त्याचं कारण मला बाईंच्या भावजयीने सांगितलं. तिच्या मुलीसाठी राजापूरकडचं एक स्थळ आलं होतं. मुलगा कुवेतला नोकरीला, रजेवर आलेला. मुलीचा बाप कायम दर्यावर, त्यामुळे बोलणी काही होत नव्हती, आणि मुलाची रजा संपत आली होती. वादळामुळे बाप घरात बसलाय हे कळताच ती मंडळी भर पावसात, छत्र्या उलट्या होत असताना, गाडी करून आली होती.

“बघ गो,” भावजय माझ्या हातात ताट देत म्हणाली, “एवढी वर्षं यांना घरात बसवायला मला जमलं नाय. आपाने बर्फावर बसून करून दाखवलं.”

बाहेरच्या खोलीत तांडेल नवा सदरा घालून होणाऱ्या व्याह्यांसमोर अवघडून बसला होता. बाई मुलाच्या कपाळासमोर तळहात धरून उभ्या होत्या. मुलगा बिचारा मान ताठ करून स्थिर.

“ऊबदार आहे,” बाईंनी जाहीर केलं. “चालेल.”

सगळं घर हसलं, मुलगी तर दाराआडून. तिथेच बोलणी पक्की झाली.

हिवाळ्यात, लग्न पार पडल्यावर एका सकाळी भाऊ कॉलेजच्या स्टाफरूमच्या दारात येऊन उभा राहिला. इस्त्रीचे कपडे, केसांना तेल. आत यायला संकोचत होता. बाईंनी विचारलं, “काय रे, घरी सगळं ठीक?”

“ठीक,” तो म्हणाला. “तुला न्यायला आलोय.”

“कुठे?”

“दर्यावर. त्या दिवशी म्हणालीस ना, हवा खायची आहे. अब्बांनी कधी नेलं नाय तुला. मी पण नाय.”

बाई खुर्चीतून उठल्या आणि पर्स घ्यायची विसरून चालायला लागल्या. मी पर्स घेऊन मागे धावले, तशी मीही नौकेत पोचले.

किल्ल्याचं दीपगृह मागे पडलं आणि मोकळा समुद्र लागला. वारा जरा वाढला, लाटांच्या टोकांवर पांढरा फेस दिसायला लागला. आयुष्यभर ज्या समुद्राचं चित्र बाई पडद्यावर वाचत आल्या, तो आता त्यांच्या चारी बाजूंना हलत होता. त्या काठाला धरून उभ्या होत्या. मग वाकून त्यांनी सकाळचा सगळा नाश्ता समुद्राला दिला, पदराने तोंड पुसलं आणि पुन्हा बघायला लागल्या. डोळ्यांत पाणी, तोंडभर हसू.

“वळवू काय, आपा?” भावाने विचारलं.

“वळवलीस तर उडी मारीन.”

थोड्या वेळाने त्या चाचपडत सुकाणूपाशी गेल्या आणि म्हणाल्या, “दे बघू मला.”

खलाशांनी एकमेकांकडे पाहिलं. तांडेलाने आजवर सुकाणू कुणाच्या हातात दिलं नव्हतं, सख्ख्या मेहुण्याच्याही नाही. तो बाजूला सरला. बाईंनी दोन्ही हातांनी सुकाणू धरलं आणि नौका एकदा वर मालगुंडच्या किनाऱ्याच्या रोखाने, एकदा थेट अरबस्तानच्या रोखाने निघाली. आम्ही सगळे दोर, खांब, मिळेल ते धरून उभे. किनाऱ्यावरून कुणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, आज तांडेल पिऊन आलाय. आणि तो तांडेल बहिणीच्या मागे उभा होता, दोन्ही हात पाठीशी घट्ट बांधून, कारण ते सोडले असते तर सुकाणूकडे गेल्याशिवाय राहिले नसते.